दुसरी पंगत

त्या रविवारी यशवंत सर माझ्याकडे पहिल्यांदा जेवायला येणार होते. ओळखीला पंधरा-सोळा वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत या माणसानं माझ्याकडे चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. माझं कोल्हापुरात, शाहूपुरीत मंगल कार्यालय आहे. अनोळखी पावण्यालाही हाताला धरून पानावर बसवायची आमची रीत, आणि हा एक माणूस मागच्या दारानं येऊन मागच्या दारानंच जात राहिला. तर त्या दिवशी मी ठरवलं होतं की स्वयंपाक मागच्या अंगणातल्या आमच्या टाकीच्या गॅसवरच करायचा. ही टाकी सरांनीच बांधून घेतलेली, कार्यालयातलं उष्टं-खरकटं खाऊन गॅस देणारी. टाकीवरची लोखंडी टोपी चांगली वर आलेली होती, म्हणजे आत गॅस भरलेला होता. पण शेगडीला काडी लावली की भक् करून विझायची. अर्धी काडेपेटी संपली. मला राग आला, आणि माझा राग आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. सरांना फोन लावला तो झापायलाच, की तुमच्या टाकीनं नेमका आजच दगा दिला, आता काय तुम्हाला कच्चे तांदूळ वाढू का? फोन त्यांच्या बहिणीनं, शांताक्कानं उचलला. माझा आवाज तिला ओळखू आला. "आबा," ती म्हणाली, "दादा उठलाच न्हाई की वो आज..."

काडेपेटी तशीच खिशात घालून मी गडमुडशिंगीला, सरांच्या गावी गेलो. सर त्यांच्या लहानशा खोलीत झोपल्यासारखे पडले होते. एकटेच राहायचे. शांताक्का पलीकडच्या गल्लीत, ती सकाळी भाकरी घेऊन आली तेव्हा कळलं. सरांचे दोन्ही हात कुणीतरी छातीवर नीट ठेवले होते आणि ते बघून ते हात मला सरांचे वाटेनात, कारण माझ्या अंगणात ते हात नेहमी पाठीमागं बांधलेले असायचे. का, ते पुढं सांगतो. लोक रडत होते. मला रडू आलं नाही, खोटं कशाला बोलू. मला राग आला होता. जेवायला येतो म्हणून शब्द देऊन माणूस असा जातो का? संध्याकाळी सगळ्यांनी त्रिसरण म्हटलं. मला ते येत नाही. मी मागं, भिंतीला टेकून उभा राहिलो.

सर शहरातल्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवायचे. हा शब्द न अडखळता म्हणायला मला वर्षभर लागलं. आमची पहिली भेट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. भर लग्नसराई, दुपारची शेवटची पंगत उठलेली. मी मागच्या दाराशी आचाऱ्याशी भांडत होतो, तेवढ्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक उंच, सावळा माणूस एम-एटीवरून आत आला. मला वाटलं, मुलीकडच्यांपैकी कुणीतरी वाट चुकलंय. म्हटलं, "पावणं, हिकडं कुठं? पान मांडायला सांगतो, चला की."

"जेवून आलोय," तो म्हणाला. "मालक, तुम्ही उष्ट्याचं काय करता?"

आता असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. काय करणार? रस्त्यावरच्या कचऱ्याच्या कोंडाळ्यात टाकतो, म्हटलं, आणि मग चार दिवस शेजाऱ्यांच्या शिव्या खातो. तेव्हा त्यांनी सांगितलं की गावाकडं घरामागं त्यांनी गोबर गॅसची टाकी बांधलीय, पण दारात एकही जनावर नाही. मला हसू आलं. शेणाशिवाय गोबर गॅस म्हणजे नवरीशिवाय वरात. त्यांना माझ्या हसण्याचं काही वाटलं नाही. "शेणात काय असतं मालक, गाईच्या पोटातून जे पचायचं राहून जातं ते. त्यातनंसुद्धा गॅस निघतो. मग गाईला अजिबात मधे न घालता अन्नच दिलं तर?" ते म्हणाले, आणि एम-एटीला दोन्ही बाजूंनी बांधलेले डबे सोडायला लागले. मी म्हटलं, न्या बाबा, सगळं न्या. तेवढीच माझी कटकट कमी. त्या दिवसापासून प्रत्येक लग्नाच्या दुपारी ते यायचे, डबे भरून घ्यायचे, आणि मी जेवायला बोलावलं की म्हणायचे, जेवून आलोय. सकाळी दहाला मुहूर्त असला तरी जेवून आलोय. मला वाटायचं, पथ्य असेल काही.

दोनेक वर्षं हे चाललं. मग एका सराईत ते आलेच नाहीत. कोंडाळा परत भरून वाहायला लागला. मीच एकदा कॉलेजात चौकशीला गेलो, तर म्हणाले, "आता नेणार नाही मालक. घरी भांडण झालंय." भांडण वडिलांशी होतं. सरांचे वडील, आप्पा, छप्पन सालच्या धर्मांतरातले. त्याआधी गावात लग्न असलं की त्यांची माणसं मांडवाबाहेर पाट्या घेऊन बसायची. पंगत उठली की पानांवरचं उरलेलं त्या पाट्यांत पडायचं. आप्पांनी दीक्षा घेतली, घरी आले आणि पाटी लाथेनं उडवून दिली. पुढं कितीतरी महिने घरात चूल धड पेटत नव्हती, आप्पा गुऱ्हाळावर राबत होते, पण दुसऱ्याच्या ताटातलं पुन्हा उंबऱ्याच्या आत आलं नाही. आणि आता त्यांचा शिकलेला, प्रोफेसर झालेला मुलगा उष्ट्याचे डबे गाडीला बांधून भर गावातनं घरी यायला लागला. सरांना वाटलं होतं, शास्त्र सांगितलं की आप्पांना पटेल. आप्पांनी त्या गॅसवर शिजलेला घास तोंडात घातला नाही. दारात तीन दगड मांडून स्वतःपुरती भाकरी वेगळी भाजून घ्यायचे. शेवटी एक दिवस बोलले.

"ज्या पाटीला मी लाथ मारली, ती तू गाडीला बांधून आणतोस व्हय रं?"

"आप्पा, हे खायला न्हवं, जाळायला हाय."

"जाळायचंच हाय तर त्येंच्या दारात जाळ की. माझ्या दारात कशाला?"

सरांनी हे मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बाटल्यांच्या गर्दीत उभं राहून सांगितलं. माझ्याच मांडवातलं ते उष्टं. मग ते म्हणाले, "मी विचार केला, आप्पांचं बरोबर आहे. टाकी तुमच्या अंगणात बांधायची." मला कल्पना आवडली, मी लगेच हो म्हटलं. आमच्याकडं भांडी घासायला हौसाबाई होती, तिला म्हटलं सांगू, टाकत जाईल रोज बादली. सर म्हणाले, "हौसाबाई नाही. ती कुठल्या वस्तीतली, तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी टाकी बांधून देईन, रोज येऊन तपासीन, बिघडली तर दुरुस्त करीन. बादली उचलणार नाही. आमच्यातलं कुणीच उचलणार नाही."

"मग उचलायची कुणी?"

"तुम्ही."

मी भडकलो. माझ्या वडिलांनी हे कार्यालय उभं केलं, मी लग्नात फेटा बांधून दारात उभा राहणारा माणूस, आणि मी खरकट्याच्या बादल्या वाहू? बरंच काही बोललो. सर हात मागं बांधून ऐकत राहिले, ती त्यांची मागं हात बांधायची सवय मी पहिल्यांदा तिथं पाहिली. घरी येऊन बायकोला तावातावानं सगळं सांगितलं. वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वाढताना किती मिरवता पंगतीत. मग उचलताना कसला आलाय कमीपणा?" झालं. माझा निम्मा राग तिथंच गेला आणि उरलेला चार दिवसांनी गेला.

टाकी झाली. जमिनीत विहिरीसारखा खड्डा, त्यावर उलटी घातलेली लोखंडी टोपी. गॅस साठला की ती टोपी आपोआप वर यायची, कढईतली पुरी फुगून वर यावी तशी. सुरुवातीला एकदा शेण कालवून घातलं, मग रोज माझी बादली. मी ओतत असताना सर हात पाठीमागं बांधून उभे राहायचे, चुकूनही बादलीला लागू नयेत म्हणून. भावकीतला एक जण लग्नाला आलेला, त्यानं मला त्या अवतारात पाहिलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला, "आबा, उष्टी काढतोस व्हय रं आता?" मी म्हटलं, "व्हय. तुझंच हाय, निम्मं पान टाकलंयस." सर टाकीपलीकडं उभे होते. हसले नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनी केला. टाकीच्या गॅसवर, निळ्या ज्योतीवर. तेव्हापासून हा रिवाजच झाला. बादली माझी, चहा त्यांचा.

आत काय चालतं, हे त्यांनी मला माझ्या भाषेत समजावलं होतं. म्हणाले, आत दोन पंगती बसतात. पहिल्या पंगतीचे जीव घाईचे. दिसेल ते ओरपतात आणि मागं आंबट ठेवून उठतात, व्हिनेगरसारखं. ते आंबट म्हणजे त्यांचं उष्टं. त्यावर दुसरी पंगत बसते. हे जीव सावकाश जेवणारे, नाजूक. त्यांच्यामुळं जळणारा गॅस होतो. पहिल्या पंगतीनं एकदम फार खाल्लं तर आंबट इतकं होतं की दुसऱ्या पंगतीला बसताच येत नाही. "ज्योत मिळते ती दुसऱ्या पंगतीकडून, मालक. तिला सांभाळा." एवढं एक मी पाठ केलं.

एका दुपारी ते आप्पांना घेऊन आले. आप्पा तेव्हा खूपच थकले होते. मी खुर्ची टाकली, ते काठीवर हनुवटी ठेवून बसले. "वास येत न्हाई गा," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "कोण टाकतंय ह्यात?" पंगत उठली होती. मी आत गेलो, बादली भरली, आणली, टाकीच्या तोंडात ओतली, पुन्हा गेलो, पुन्हा आणली. आप्पा माझ्याकडं बघत होते, बादलीकडं नाही. शेवटची बादली झाली तेव्हा माझा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. आप्पा म्हणाले, "हं... आता बराबर हाय." सरांनी चहा केला. आप्पांनी बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायला, आणि बशी पुढं केली, आणखी ओत म्हणून. सरांचा स्वतःचा कप तसाच राहिला. साय धरली त्यावर. ते टाकीच्या टोपीला हात लावून, आमच्याकडं पाठ करून उभे होते, आणि मीही त्यांना हाक मारली नाही.

आता आमच्या कोल्हापुरी खोडीबद्दल सांगतो. एका मोठ्या घरचं लग्न होतं. जिलेब्या उरल्या, श्रीखंड उरलं, पाकाचं पातेलं अर्धं तसंच. मला त्या टाकीचा इतका लळा लागला होता की वाटलं, रोज बिचारी आमटी-भात खाते, आज गोडाधोडाचं होऊ दे. घाल आणखी. घाल आणखी. पावण्याच्या पानात जिलेबी घालावी तसं मी ओतत राहिलो. दुसऱ्या दिवशी टोपी नेहमीपेक्षा जास्त वर! मी खूश. काडी लावली, भक्, विझली. सर आले, कागदाची पट्टी आत बुडवली, तिचा रंग बघितला आणि माझ्याकडं वळले. "आग्रह केलात नव्हं?" मी मान खाली घातली. एवढा मोठा माणूस मी, पण शाळेतल्यासारखी मान खाली घातली. गॅस भरपूर होता, पण तो न जळणारा. पहिल्या पंगतीनं सगळं आंबवून टाकलं होतं. मग चुन्याची निवळी, थोडं ताजं शेण आणि कडक उपास. कितीतरी दिवस टाकीच्या तोंडात काही टाकायचं नाही. सर रोज कॉलेज सुटल्यावर येऊन तिच्याशेजारी बसायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसे.

त्या उपासाच्या दिवसांतच मी त्यांना सरळ विचारलं. आत लग्न चालू होतं, वांग्याच्या भाजीचा, तुपाचा वास अंगणात येत होता. म्हटलं, "सर, माझं काही चुकलंय का? बादली उचलतो, तुमचं सगळं ऐकतो. मग पानावर का बसत नाही?" त्यांनी आतल्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "आजी मला घेऊन जायची. लहान होतो. मांडवाबाहेर बसायचो, ती सांगायची, थांब, पंगत उठू दे. हा वास आला ना आबा, की मला अजून वाटतं... पंगत उठायची आहे." मालक सोडून आबा त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. मी आग्रह करायचा सोडला. निदान तोंडानं सोडला. मनात तेवढी एकच इच्छा राहिली, की या माणसानं एकदा माझ्याकडं पोटभर जेवावं.

सरांच्या डोक्यात गॅसपलीकडंही पुष्कळ होतं. ते म्हणायचे, दुसरी पंगत बसायच्या आत पहिल्या पंगतीचं आंबट अलगद काढून घेतलं तर त्यातनं कामाची रसायनं मिळतील. प्रयोगशाळेत खटपट करून त्यांनी एक बाटली तयार केली आणि आम्ही दोघं इचलकरंजीला गेलो. कापड रंगवताना तिथं असलं आम्ल लागतं. एका रंगाच्या कारखान्याचा मालक भला माणूस होता. त्यानं बाटली उघडली, वास घेतला, लगेच बूच लावलं. "सर, काम करंल हे. पण मला टँकर पायजे, आन् तुमी बाटली आणलीया. वर ह्यो वास कोण धुणार?" येताना एसटीत सर खिडकीबाहेर बघत बसले, मागांचा खडखडाट मागं पडेपर्यंत. ती बाटली माझ्याकडंच राहिली. हौसाबाईनं एकदा तांब्याची घंगाळं घासायला ती वापरली आणि मला बोलावून दाखवलं, "चिंचंला भारी पडलं की वो हे!" घंगाळं खरंच सोन्यासारखी दिसत होती. मी सरांना ते सांगितलं तर इतके हसले, इतके हसले की डोळे पुसावे लागले. म्हणाले, "चला, एक गिऱ्हाईक मिळालं." त्यांना तसं हसताना मी मोजक्याच वेळा पाहिलं. तिथनं पुढं दर काही महिन्यांनी हौसाबाईसाठी एक बाटली यायची.

मग आप्पा गेले. मग दोन हजार साल उलटून गेल्यावर माझी बायको गेली. मुलं पुण्याला. गावाबाहेर लॉन निघाली, गाडी लावायला ऐसपैस जागा, रोषणाई, उभ्यानं जेवण. शाहूपुरीतल्या जुन्या कार्यालयाकडं कोण वळतंय? लग्नं कमी होत गेली, हौसाबाईचे गुडघे गेले, आचारी लॉनवाल्याकडं गेला. सर निवृत्त झाले. आम्ही दोघं दुपारी त्या रिकाम्या हॉलमध्ये बसायचो, भिंतीला खुर्च्यांच्या चवडी, वर पंखा नुसता कुरकुरत. त्यांनी लग्न का केलं नाही, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "आबा, एवढी लग्नं मागच्या दारानं बघितली, पोट भरलं." ती थट्टा होती, पण ती करून ते लगेच कप विसळायला उठले. मंडईतला टाकाऊ भाजीपाला आणून मी टाकी चालू ठेवली होती, केवळ त्यांना यायला निमित्त असावं म्हणून. त्यांनाही ते ठाऊक असावं. पट्टी बुडवायचे, रंग बघायचे, "ठीक आहे" म्हणायचे आणि चहा ठेवायचे. घरी गेल्यावर माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं, त्यांच्याशीही नव्हतं. पण हे आम्ही एकमेकांना कधी सांगितलं नाही. चहा झाला की दुसऱ्या कपाची वाट न बघता ते उठायचे, आणि एम-एटीचा आवाज कोपऱ्यावर विरेपर्यंत मी दारात उभा राहायचो.

शेवटची भेट त्या रविवारच्या चार दिवस आधीची. पुष्कळ दिवसांनी कार्यालयात एक साखरपुडा ठरला होता. मी सवयीनं म्हणून गेलो, "सर, परवा कार्य आहे, या जेवायला," आणि लगेच जीभ चावली. ते कप विसळत होते. म्हणाले, "कार्याला नको. पंगत नको. रविवारी येतो. तुमच्या हातचं काहीतरी करा. आपण दोघंच बसू." मी म्हटलं, "मला पिठलं-भातापलीकडं काही येत नाही." ते म्हणाले, "मग पिठलं-भात." गाडीला किक मारताना पुन्हा वळून म्हणाले, "मिरची बेताची घाला, आबा." त्या चार दिवसांत मी दोनदा पिठलं करून बघितलं. बायकोचा हात कसा चालायचा, ते आठवून आठवून केलं. एकदा गुठळ्या झाल्या, एकदा जमलं.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवलो. शांताक्का वाढत होती, नको म्हणेपर्यंत वाढत होती, आणि मी पानात शीतसुद्धा ठेवलं नाही. परत येऊन टाकीकडं बघितलं. तोवर कळलं होतं की साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी भाड्यानं आलेल्या आचाऱ्याच्या माणसांनी बासुंदीचं उरलेलं अख्खं पातेलं टाकीत ओतलं होतं. त्यांना कोण सांगणार? मग मीच चुन्याची निवळी केली. शेण आणलं. कालवून घातलं. उपास धरला. सरांनी ठेवलेल्या पट्ट्यांचा डबा कोनाड्यात होता, त्यातली एकेक रोज बुडवायची आणि रंग बघायचा. ठीक आहे की नाही, हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं म्हणायचो, "अजून नाही." दुपारभर टाकीशेजारी बसायचो. हात कधी मागं बांधले गेले, माझं मलाच कळायचं नाही.

गेल्या आठवड्यात ज्योत धरली. आधी पिवळी, थरथरती, मग हळूहळू निळी, स्थिर. हे सांगायला फोनकडं हात गेला होता... असो. त्या ज्योतीवर मी पिठलं-भात केला. मिरची बेताची घातली. गुठळ्या झाल्या नाहीत. रिकाम्या हॉलमध्ये सतरंजी अंथरून दोन ताटं मांडली, समोरासमोर. बाहेर कुणी थांबलेलं नव्हतं, कुठली पंगत उठायची नव्हती. आम्ही दोघंच होतो. मी जेवलो. सावकाश जेवलो. मग समोरचं ताट उचलून अंगणात आलो आणि टाकीच्या तोंडाशी क्षणभर थांबलो. म्हटलं, "सर, हे उष्टं नव्हे. ह्याला कुणी हात लावलेला नाही." आणि ताट आत ओतलं.

आता रोज असंच करतो. कार्यालय विकायचं चाललंय, मुलं विचारतात आबा तिथं दिवसभर करता काय. दोघांचा स्वयंपाक करतो. एक ताट माझं, एक टाकीत. एका माणसाच्या जेवणाचा गॅस तो किती होणार? पण सकाळी उठून अंगणात जातो, तर टोपी बोटभर वर आलेली असते. म्हणजे सर जेवले.